बावन्न किलो

१

रक्तातला आकडा साडेतीन होता.

असायला हवा होता एकच्या आसपास. दोनच्या पुढे गेला की डॉक्टर मंडळी खुर्चीतून उठतात. साडेतीन म्हटल्यावर मोठ्या रुग्णालयातला सगळा विभागच उठून एका खाटेभोवती जमा झाला होता. खाटेवर एक्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ होते. नाडी मिनिटाला छत्तीस आणि शुद्ध नाही. हृदयाचे ठोके ताळ्यावर राहावेत म्हणून ते रोज सकाळी एक गोळी घेत. तीच गोळी रक्तात तिपटीहून जास्त सापडली होती. गोळी तशी गुणी, पण फार मानी. थोडी कमी पडली तर काम करत नाही आणि थोडी जास्त झाली तर हृदयालाच धरून बसते.

रुग्णालयाच्या औषध विभागात असल्या भानगडी निस्तरायला एक बाई होत्या. त्यांचा हुद्दा दीड ओळीचा होता, म्हणून लोक त्यांना नुसतं तपासनीस बाई म्हणत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. पर्समध्ये कायम पेपरमिंटची पुडी. गोळी खोटं बोलत नाही, कागद कधीमधी बोलतो, आणि माणूस गरजेप्रमाणे बोलतो, असं त्यांचं अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या वृद्धनिवासात पोचल्या. इमारत दोन मजली. खालच्या मजल्यावर चालती-फिरती माणसं आणि वरच्या मजल्यावर अंथरुणाला टेकलेली. व्यवस्थापक फाटकातच उभे होते. माणूस सज्जन होता, पण सकाळपासून त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं.

"आधी ऑफिसात चला," ते म्हणाले. "त्यांचा पुतण्या बसलाय. पाच वाजेपर्यंत थांबतो म्हणालाय. नंतर पोलिसांत जाणार."

"कोणाविरुद्ध?"

"आमच्या सिस्टरविरुद्ध. बाई, बारा वर्षं आहेत त्या इथं. तक्रार नोंदली गेली तर दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी जाईल. पुढे परवानाही राहायचा नाही."

पुतण्या चाळिशीचा, नीटनेटका होता. त्याचं स्वतःचं औषधाचं दुकान होतं आणि हृदयाची ती गोळी काय चीज आहे ते त्याला पाठ होतं. "गोळ्यांच्या कपाटाची किल्ली एकट्या सिस्टरकडे असते," तो म्हणाला. "आणि पंधरा दिवसांपूर्वी काकांचं आणि तिचं जेवणघरात सगळ्यांसमोर वाजलं होतं. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

ज्याच्या स्वतःच्या दुकानात गोळ्यांची दहा कपाटं आहेत त्यानं दुसऱ्याच्या एका कपाटाकडे बोट दाखवावं, हे बाईंना गंमतीचं वाटलं. त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि स्वतः मोजायला बसल्या. एक गोळी रोज, असं लिहून दिल्याला एकसष्ट दिवस झाले होते. पट्ट्यांतली एकसष्ट घरं रिकामी होती. तीच गोळी घेणाऱ्या आणखी दोघींच्या पट्ट्या मोजल्या, त्याही बरोबर भरल्या. दुकानातून आलेल्या पट्ट्या, तक्त्यावरच्या सह्या आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ बसत होता.

मोजणी संपली तेव्हा अडीच वाजले होते. रक्तात तिपटीनं गोळी होती आणि कपाटातून एकही जास्त गेली नव्हती.

२

सिस्टर समोर येऊन बसली ती हात मांडीवर घट्ट धरून. पंचेचाळिशीची, उंच. गणवेश पांढराशुभ्र आणि इस्त्री अशी की घडीनं बोट कापावं.

"रक्त कधी घेतलं होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"काल सकाळी सात वाजता. मी त्यांना गोळी देते आठला. म्हणजे आदल्या दिवशीच्या गोळीला तेवीस तास झाले होते." सिस्टरचा आवाज कोरडा होता. "गोळी दिल्यावर लगेच रक्त घेतलं की आकडा फुगतो, हे मलाही कळतं. तसं झालेलं नाही."

बाईंना ती आवडली. स्वतःच्या सुटकेची वाट स्वतःच बंद करणारी माणसं त्यांना फार भेटत नसत.

"भांडण कशावरून झालं?"

"यावरून," तिनं गणवेशाकडे बोट केलं. "काटेसाहेब म्हणाले, सिस्टर, कपडे धुता की नाही, पिवळेजर्द झालेत. तीस माणसांसमोर म्हणाले. मी रात्रंदिवस एक करते आणि वर हे ऐकायचं? मीही बोलले. तुमच्या डोळ्यांतच घाण आहे, असं मी त्यांना म्हणाले. बोलायला नको होतं."

"काटेसाहेब?"

"सगळे तसंच म्हणतात त्यांना. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे. इथं आल्यापासून आमचा काटाही तेच सांभाळतात. दर महिन्याच्या एक तारखेला दवाखान्याच्या खोलीत सगळ्यांची वजनं होतात. ते काटा जुळवतात, आकडा वाचतात, मी लिहिते. स्वतः सगळ्यांत शेवटी उभे राहतात. या एक तारखेला त्यांना उभ्या उभ्या घेरी आली. मीच धरून खोलीत नेलं. नंतर सहा दिवस काही खाल्लं नाही, सारखं मळमळतंय म्हणायचे. वय झालं की असं व्हायचंच, असं वाटलं मला."

"रोज एक गोळी कोणी ठरवली?"

"नव्या डॉक्टरांनी, दोन महिन्यांपूर्वी. आधीचे अर्धीच द्यायचे."

बाईंनी वहीत दोन शब्द लिहिले, पिवळा गणवेश, आणि त्यांच्याखाली रेघ ओढली. सिस्टरला वाटलं, आपला गुन्हा लिहून घेतला. तिचे डोळे भरून आले.

"तुमचा गणवेश स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांना एका रात्रीत काही जास्त दिलेलं नाही. हे विष निदान पंधरा दिवस आधीपासून साठत होतं. ही गोळी रक्तात जास्त झाली की माणसाला पांढरं पिवळं दिसायला लागतं. ते तुम्हाला टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं दिसत होतं."

सिस्टरला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला आठवलं ते आपलं उत्तर.

३

पण मग साठलं कुठून? रोज थोडं थोडं जास्त कोणी देत असेल तर तो माणूस रोज जवळ असायला हवा. पुतण्या यायचा दर रविवारी, तासभर. बाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर गाठलं.

"काकांसाठी काय आणायचा?"

"फळं. पण दोन महिने झाले, हातच लावत नाहीत. मी गेलो की स्वयंपाकघरात देऊन टाकतात." पुतण्यानं बाईंकडे पाहिलं. "तुम्ही माझ्यावरच उलटताय. विचारा खुशाल. लहानपणी वडील गेले माझे. काकांनी वाढवलं. त्यांनीच शाळेत घातलं, दुकानही त्यांनीच लावून दिलं. मी त्यांना इथं ठेवलंय याचीच मला लाज वाटते, म्हणून मी ओरडतोय. एवढंच आहे."

हे त्यानं न विचारता सांगितलं. बाईंनी त्याला पेपरमिंट दिली.

स्वयंपाकघरात आचारी पीठ मळत होता. गडी गोल, बोलका आणि स्वतःवर खूश. "साहेब जेवायचे नाहीत यात माझ्या हाताचा दोष नाही," त्यानं आधीच सांगून टाकलं. "सगळे बोटं चाटतात. फळं मात्र साहेब मला द्यायचे. मी कापून सगळ्यांना वाढली. कोणाला काही झालं नाही."

"घरून दुसरं काही? काढा, चूर्ण?"

"छे. साहेब कडक. बाहेरचं कागदातलं औषध दिसलं तर पुडी कुठल्या काट्यावर तोललीय ते विचारायचे." आचारी हसला. "तुम्हाला सांगतो बाई, साहेबांची जरबच तशी. आमचा किराणावाला पक्का लबाड. पंचवीस किलोच्या पोत्यात चोवीस भरणारा. तर दोन तारखेला पीठ आलं, आमचा स्वयंपाकघरातला काटा बिघडलेला, म्हणून पोतं दवाखान्यातल्या काट्यावर ठेवलं. किती भरावं? तेहेतीस. मी म्हटलं, साहेब इथं राहतात हे त्याला कळलेलं दिसतंय. गपचूप पोतं उचलून आणलं. आलेल्या लक्ष्मीला कोण नाही म्हणणार?"

"मग पीठ जास्त दिवस पुरलं असेल."

आचाऱ्याचा हात परातीत थांबला. "नाही हो," तो म्हणाला. "नेहमीसारखंच संपत आलंय. ते एक कोडंच आहे."

४

काटेसाहेबांची बायको खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नजर जवळजवळ गेलेली. सावल्या दिसत, चेहरे दिसत नसत. सगळे तिला काकू म्हणत. खोलीत दोन खाटा होत्या, आणि दोन्हींच्या मधून दारापर्यंत भिंतीला खुंट्या ठोकून एक दोरी ताणलेली होती.

"ही त्यांनी बांधली," काकू दोरीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मला बाथरूमला जाता यावं म्हणून. बाकी त्यांचा हात असतोच. पेपर वाचून दाखवतात, ताटात काय कुठं आहे ते सांगतात. काल सकाळी मी हाक मारली तर ओ नाही. हात लावला तर गार. पहिल्यांदाच मी त्यांना उठवायला गेले बघा. ते परत येणार ना?"

"नाडी वाढतेय आज," बाईंनी खरं तेच सांगितलं. "काकू, ते वाळले होते का अलीकडे?"

"मला दिसत कुठं? पण हाताला कळायचं. या वर्षात त्यांच्या पँटी मी तीनदा कमरेत आत घेतल्या. दर वेळी दोन बोटं. शिवण मला अजून जमते, नुसत्या बोटांनी. मी म्हणायचे, अहो, तुम्ही विरघळताय. तर म्हणायचे, उगाच घाबरू नको, काट्यावर बावन्न आहे, काटा खोटं बोलत नाही. आता जन्मभर ज्यानं काटेच पाहिले त्याच्याशी मी काय वाद घालणार? कोट तेवढा आत घेऊ दिला नाही. तो ढगळच घालायचे, आत दोन स्वेटर."

"आणि वर हलवावं असं कोणी म्हणालं होतं?"

काकूंचा हात दोरीवर घट्ट झाला. "पाटीच आहे बाहेर. वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं की वरच्या मजल्यावर. वर बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. भेटायला रोज एक तास. मला जिना चढता येत नाही. म्हणजे तो तासही गेलाच." त्यांनी मान हलवली. "पण त्यांचं वजन बावन्न आहे. तो प्रश्नच नाही आमचा."

बाई उठता उठता सहज बोलल्यासारखं बोलल्या, "काट्यांच्या गोष्टी सांगत असतील खूप."

"झोपेतसुद्धा," काकू हसल्या. "म्हणायचे, लबाड दुकानदार ओळखायचा कसा, तर ज्याचा काटा दर वेळी तोच आकडा सांगतो त्याला आधी धरायचा. खरा काटा थोडा इकडे तिकडे होतोच. आणि मग माझ्याकडून काळा दोरा मागायचे. दर महिन्याला एकदा, वीतभर. म्हणे कोटाचं बटण सैल झालंय. मी म्हणायचे, द्या इकडे, मी लावते. तर नाही. बटणं मात्र सगळी मीच लावलेली आहेत, घट्ट."

बाहेर आल्यावर तपासनीस बाईंनी रुग्णालयात फोन लावला. "सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं वजन कागदावर काय आहे?"

"बावन्न. निवासातून आलेल्या चिठ्ठीवरून घेतलंय."

"तुम्ही स्वतः केलंत?"

"नाही मॅडम. बेशुद्ध माणसाला उभं कसं करणार?"

"खाटेसकट करा. मग खाट वजा करा. मी थांबते."

५

फोन येईपर्यंत बाई वजनांची वही घेऊन बसल्या. तीस माणसं आणि आठ महिने. कोणी अर्धा किलो वर, कोणी पाऊण किलो खाली. कोणाचं आजारपणात दोन किलो उतरलं होतं, मग हळूहळू परत चढलं होतं. सगळ्यांत शेवटची ओळ काटेसाहेबांची होती. बावन्न, बावन्न, बावन्न. आठही वेळा बावन्न.

फोन वाजला. "मॅडम, खाटेसकट दोनदा केलं, खाट वजा केली. त्रेचाळीस भरतंय."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी नव्या डॉक्टरांना फोन केला. हे महिन्यातून एकदा येत आणि दोन तासांत तीस माणसं तपासत. आवाजावरून तरुण वाटले आणि आधीच चिडलेले.

"तेव्हा सहा महिने वजन स्थिर, किडनीचा रिपोर्ट तरुणाला लाजवेल असा, नाडी मात्र पळत होती," ते म्हणाले. "अर्धी गोळी पुरत नव्हती. वय, वजन आणि रिपोर्ट घालून मी रीतसर हिशोब केला आणि एक ठरवली. चुकला असेल तर दाखवा."

"हिशोब बरोबर आहे. मी आत्ताच करून पाहिला."

"मग?"

"तो दुसऱ्याच माणसाचा आहे, डॉक्टर. बावन्न किलोच्या. तसा माणूस या निवासात राहत नाही."

दवाखान्याच्या खोलीत काटा भिंतीशी उभा होता. जुन्या धाटणीचा. खाली पाटा, वर खांब, खांबाच्या डोक्यावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकतं वजन. बाईंनी चपला काढल्या आणि पाट्यावर चढल्या. आपलं वजन त्यांना चांगलं माहीत होतं. सदुसष्ट. ते विसरायचा त्यांनी बरेचदा प्रयत्न केला होता. दांडी सरळ झाली शहात्तरवर.

दुसरी कोणी असती तर दचकली असती. बाई खाली उतरल्या, खुर्ची ओढून तिच्यावर चढल्या आणि दांडीच्या मागच्या टोकाशी, जिथे खालून सळई येऊन अडकते तिथे, बोटं घातली. काहीतरी थंड लागलं. काळ्या दोऱ्यात ओवलेले शिशाचे मणी होते ते. तपासलेल्या काट्याला तार बांधून खात्याचे लोक शिशाचं सील ठोकतात ना, तीच सिलं. ओळीनं ओवलेली.

बाईंनी मोजली. नऊ होती.

६

पावणेपाचला त्यांनी पुतण्याला, सिस्टरला आणि व्यवस्थापकांना काट्याजवळच बोलावलं. आचारी न बोलावता आला आणि पिठाचे हात घेऊन दारात उभा राहिला.

"कोणीही विष दिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "रोज एकच गोळी दिली गेली आणि त्या गोळीनंच हे झालं. कसं ते ऐका. ही गोळी पोटात गेली की बरीचशी अंगातल्या मांसात जाऊन बसते. रक्तात उरते ती थोडी. आता माणूस वाळला, मांस गेलं, तर गोळीला बसायला जागा नाही. ती रक्तातच राहते. दुसरं, ती बाहेर पडते किडनीवाटे. ऐंशीच्या पुढे किडनी तरुणपणीच्या निम्म्यावर आलेली असते. पिंपात रोज तांब्याभर पाणी ओता आणि खालचा नळ मात्र थेंब थेंब सोडा. तांब्या वाढवला नाही तरी पिंप एक दिवस भरून वाहणारच."

"पण किडनीचा रिपोर्ट चांगला होता," पुतण्या म्हणाला. त्याला यातलं कळत होतं.

"तिथंच सगळे फसले. तो आकडा कशाचा? मांसातून निघणारा कचरा रक्तात किती साठलाय त्याचा. मांसच कमी असेल तर कचराही कमी निघतो. किडनी थकलेली असली तरी रिपोर्ट नटूनथटून येतो. वजन उतरत चाललंय हे दिसलं असतं तर डॉक्टर त्या रिपोर्टवर भुलले नसते. वजन बावन्न दिसलं, म्हणून भुलले. पुढे गोळी जास्त झाली की भूक मरते, आणि भूक मेली की माणूस आणखी वाळतो. दोन महिने हेच चाललं होतं."

"पण बावन्न आकडा आला कुठून?" व्यवस्थापकांनी विचारलं.

बाईंनी हात उघडला. मणी दोऱ्यावर एकमेकांना लागून वाजले.

"वर दांडीवर एवढासा मणी टांगला की खाली पाट्यावर एक किलो वाढतो. हे कोणाला ठाऊक असेल? तुम्हाला नाही, सिस्टरांना नाही. गेल्या आठ महिन्यांत जसं वजन उतरलं तसा एकेक मणी वाढत गेला, आणि दर वेळी वीतभर नवा दोरा लागला. आपली पाळी शेवटी ठेवायची, काटा जुळवतोय म्हणून मणी अडकवायचे, वजन झालं की काढून खिशात टाकायचे. या एक तारखेला घेरी आली आणि काढायचे राहिले."

"म्हणजे माझं पोतं..." आचारी दारातून म्हणाला.

"चोवीस किलोचंच होतं. तुमचा किराणावाला आहे तसाच आहे."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, पण ते बोलून दाखवायला कोणाचं मन होईना. पुतण्या काट्याच्या पाट्याकडे बघत राहिला. "चाळीस वर्षं," तो म्हणाला. "कोणाच्या घरचा चहा नाही घेतला काकांनी. एका दुकानदारानं दिवाणखान्यात घड्याळ आणून ठेवलं होतं, ते रस्त्यावर नेऊन ठेवलं. असा माणूस हे का करेल?"

बाईंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं, आणि व्यवस्थापकांनी बाहेरच्या भिंतीवरच्या पाटीकडे. ती त्यांनीच लिहून घेतली होती.

पुतण्या सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. "मला माफ करा," तो म्हणाला. सिस्टरनं मान हलवली. पाच वाजून गेल्याचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

७

गोळी बंद केल्यावर आकडा उतरायला चार दिवस लागले. थकलेल्या किडनीला घाई करता येत नाही. पाचव्या दिवशी काटेसाहेब उशीला टेकून बसले होते. कोट नव्हता, स्वेटर नव्हते. रुग्णालयाच्या सदऱ्यात तो माणूस जेमतेम दिसत होता. शेजारी काकू त्यांचं मनगट दोन बोटांत धरून बसल्या होत्या आणि ते मनगट पुनःपुन्हा मोजत होत्या. पुतण्यानं त्यांना आणलं होतं. व्यवस्थापक खिडकीशी उभे होते.

तपासनीस बाईंनी मण्यांचा दोरा पांघरुणावर ठेवला.

काटेसाहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "आठही वेळा बावन्न," ते म्हणाले. "एखाद्या वेळी साडेएक्कावन्न दाखवायला हवं होतं. दुसऱ्यानं केलं असतं तर मी पहिल्याच तपासणीत धरला असता. हात धजला नाही. खोटं तर खोटं, पण नेमकं असावं असं वाटलं." त्यांनी मान वर केली. "सिस्टरवर आलं म्हणे हे?"

"आलं होतं. अहवालात खरं काय ते लिहावं लागेल मला."

"लिहा. काटा मी फिरवला. सही देतो. आणि वजन त्रेचाळीस लिहा." आवाज स्थिर होता. मग ते काकूंकडे वळले. "तिला कोणी तरी पेपर वाचून दाखवा. छोट्या बातम्या आधी. मोठ्या ऐकता ऐकता तिला झोप लागते."

काकूंनी चाचपडत पांघरुणावरचा दोरा शोधला. बोटांनी दोरा ओळखला, मग एकेक मणी मोजला.

"हा माझा दोरा," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतंत तर मी चांगला पक्का पिळून दिला असता." मग त्यांचा आवाज बदलला. "आणि मी तुम्हाला ओरडून ओरडून जेवायला लावलं असतं. मला विचारायचं तरी होतं. तुम्ही मेला असतात तर त्या खोलीत मी कोणासाठी राहिले असते?"

डोळ्यांतलं पाणी पुसायला काटेसाहेबांना एकच हात मोकळा होता, त्यानं त्यांनी ते पुसलं.

काकू थोड्या सावरल्या. "माझं वजन किती हो, बाई? वहीत बघितलंत ना?"

"एक्कावन्न."

काकूंनी मनाशी काहीतरी हिशोब केला. "हे मणी दांडीच्या दुसऱ्या बाजूला लावले तर वजन कमी दाखवेल का?"

काटेसाहेब गोंधळले. "दाखवेल," ते म्हणाले. सवय होती, माहिती विचारली की खरी द्यायची.

"मग सात लावा. मी चव्वेचाळीस होते. मलाही वर न्या. जिना एकदाच चढायचा ना, परत उतरायचं कुठंय?"

खिडकीशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वर बायका आणि पुरुष वेगळे असतात, काकू," ते म्हणाले. कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते अस्वस्थ झाले. "म्हणजे, वर कोपऱ्यात एक खोली आहे. जुन्या गाद्या ठेवतो आम्ही तिथं. गाद्या दुसरीकडे टाकता येतील. दोन खाटा बसतात की नाही ते बघावं लागेल. माप घेतलेलं नाही कधी."

"दोरी बांधायला भिंतीत खुंट्या आहेत का तिथं?" काकूंनी विचारलं.

"मी ठोकून देतो," पुतण्या म्हणाला.

तपासनीस बाईंनी अहवालाचा कागद काढला, त्रेचाळीस लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. काटेसाहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, शब्दन्‌शब्द, खात्यात असताना वाचत तसं. मग सही केली. पेन परत देताना ते व्यवस्थापकांकडे वळले.

"खोलीचं माप आजच घ्या," ते म्हणाले. "पण माझ्याकडून नको, दुसऱ्या कोणाकडून तरी घ्या."